सायकल मोहिमेत मुंबईला विश्रांतीचा दिवस कसा घ्यावा

गुजरातकडून कोकणात उतरताना मुंबई लागते तेव्हा पाय बोलू लागलेले असतात. इथे एक दिवस थांबाच. पण थांबायचं म्हणजे खरोखर थांबायचं. पहिल्या मोहिमेत मी विश्रांतीच्या दिवशी गेटवे, कुलाबा, मरीन ड्राइव्ह सगळं पायी पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी कर्नाळ्याच्या चढावर उजवा गुडघा धरला आणि पेणला दोन रात्री पडून राहावं लागलं.

आदला मुक्काम विरार फाट्याच्या आसपास करा. पहाटे निघालात तर दहिसरला वाहनांची गर्दी व्हायच्या आत शहरात शिराल. मुक्कामाला दादर-परळ बरं, उद्या पुढची बोट जिथून धरायची तो भाऊचा धक्काही तिथून जवळ पडतो. वरळी सी-लिंक आणि कोस्टल रोडवर सायकलला बंदी आहे, त्यामुळे माहीमवरून आतल्या रस्त्याने या.

पोचल्यावर आधी जेवा, मग आंघोळ, मग झोप. स्नायूंमधला संपलेला साखरेचा साठा पुरता भरायला जवळजवळ 24 तास लागतात, तेही पोटात भात-पोळी-बटाटा असेल तरच. वरण-भात तूप घालून, उसळ, केळी, दही, जे रुचेल ते दर तीन-चार तासांनी खा. तळलेलं एखादं खाल्लंत तरी चालेल, पोट बिघडेल असं नवं काही नको. मुंबईत घामाच्या धारा लागतात, म्हणून ताक किंवा कोकम सरबत मीठ घालून पीत राहा.

सीटवर घासून मांडीला पुरळ आलं असेल तर त्याची काळजी आजच घ्या. जागा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा आणि दिवसभर सैल सुती कपडे घाला. फोड आला असेल तर फोडू नका. सायकलिंगच्या शॉर्ट्स सकाळीच धुवा आणि पंख्याखाली वाळत घाला. इथल्या दमट हवेत त्यांचं पॅड रात्रीपर्यंत ओलंच राहतं, आणि ओलं पॅड घालून निघालात की पुन्हा तेच दुखणं.

दुपारी झोपून उठलात की सायकलीला तासभर द्या. खाऱ्या हवेत चेन पटकन गंजते. ती फडक्याने पुसा, तेल घाला आणि जादा तेल टिपून घ्या. मग पट्टीने मोजा: नव्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढची 24वी पीन बरोबर 12 इंचांवर येते. एक-सोळांश इंच जास्त भरलं तर चेन बदला, नाहीतर मागची चक्रंही जातील. टायरवर बोट फिरवून रुतलेली काच-तार काढा, ब्रेक पॅड बघा. सुटे भाग क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सायकलच्या दुकानांत मिळतात. लोकल रिकाम्या असतात तेव्हा, दुपारीच जाऊन या.

संध्याकाळी शिवाजी पार्कला कट्ट्यावर बसा. एखादी फेरी मारायला हरकत नाही, पाय आखडत नाहीत. घरी फोन करा. नऊला दिवा बंद.

दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याला रो-रो (वाहनं चढवता येतात अशी बोट) जाते, साधारण तासाभराचा प्रवास. 2020 पासून ही सोय आहे आणि पनवेल-पेणचा महामार्ग टळतो. वेळापत्रक रात्रीच बघून ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. उतरल्यावर पाय जड वाटतील. विश्रांतीनंतर असं होतंच, घाबरू नका. अलिबागपर्यंतचे 20 किलोमीटर हलक्या गिअरवर काढा, तोवर पाय मोकळे होतात.