पहिला कॅमेरा घेताय? मग या चुका टाळा

गणपतीच्या सुमाराला कासला फुलं येतात आणि साताऱ्यात कॅमेरा घ्यायची साथ येते. दरवर्षी हेच. पोवई नाक्यावर चहाला थांबलो की कुणीतरी शेजारी येतो, मोबाइलमधले स्क्रीनशॉट दाखवतो आणि विचारतो, "काका, यातला बेस्ट कुठला?" मी विचारतो, "काय टिपायचंय?" तर म्हणतो, "सगळंच." इथंच घोडं पेंड खातं. सगळंच टिपणारा कॅमेरा असलाच तर तो पहिल्या कॅमेऱ्याच्या बजेटमध्ये बसत नाही. कासची फुलं, बावधनच्या जत्रेतलं बगाड, मायणीचे पक्षी, घरातलं बारसं ही चार वेगवेगळी कामं आहेत. त्यातलं यंदा नक्की कुठलं करणार, ते आधी ठरवा. मग स्क्रीनशॉट काढा.

सगळे पैसे बॉडीत घालणं

ही माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक, त्यामुळे जरा सविस्तर. बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा.

कोरेगावकडचा एक मुलगा. उसाचं बिल आलं, वडिलांनी हौसेनं पैसे दिले. "घ्यायचा तर एकदाच, फुल फ्रेमच घे" असं मित्रांनी डोक्यात भरवलेलं. होते नव्हते तेवढे पैसे घालून त्यानं 24 मेगापिक्सेलची जुनी फुल फ्रेम बॉडी घेतली. लेन्सला काही उरलंच नाही. मग मित्राच्या लहान कॅमेऱ्याची 18-55 मिलिमीटरची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच मिळते ती) मागून आणली, ती बसली, आणि स्वारी थेट कासला. आठवड्याभरानं तोंड पाडून माझ्याकडे. "काका, सेन्सर गंडलाय. फोटो लहान येतायत."

फाइल उघडून बघितली तर खरंच दहा मेगापिक्सेलची. सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, मात्र ठणठणीत होता. फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा असतो. ती लेन्स होती एपीएस-सी या लहान सेन्सरसाठी, म्हणजे साधारण 23.5 बाय 15.6 मिलिमीटर. तिच्यातून येणारा प्रकाशाचा गोल मोठ्या सेन्सरला पुरतच नाही. कॅमेरा ते ओळखतो आणि कडा सोडून मधलाच तुकडा वापरतो. त्या तुकड्याचं क्षेत्रफळ सव्वादोन पटीनं कमी. 24 ला सव्वादोननं भागा, काय उरतं बघा. हे आपोआप कापणं बंद केलं तर चारी कोपरे काळे येतात. निकॉनमध्ये अशी लेन्स निदान बसते तरी. कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर (डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा) लहान सेन्सरची ईएफ-एस लेन्स बसतच नाही, त्यामुळे जे काय व्हायचं ते दुकानातच होतं.

बरं, त्याला टिपायची होती सीतेची आसवं. नखाएवढं जांभळं फूल. त्यानं दाखवलेल्या फोटोत हिरव्या गवतात जांभळे ठिपके तेवढे दिसत होते. उभ्यानं काढलेले. "वाकला का नाहीस?" "वाकलो की, पण फोकस होईना." झूम 18 वर ठेवून पुढं सरकला असणार, आणि फोकसचा ठिपका कुठंतरी मागच्या गवतावर. तीच लेन्स 55 वर नेली, मधला एकच फोकस पॉइंट निवडला आणि हळूहळू जवळ गेलं, तर आताच्या बहुतेक किट लेन्स सेन्सरपासून 25 ते 28 सेंटिमीटरपर्यंत फोकस घेतात. त्या अंतरावर छोट्या सेन्सरच्या बॉडीला जेमतेम सहा-सात सेंटिमीटर रुंदीची जागा फ्रेमभर मिळते. आसवांचा एक तुरा त्यात आरामात बसतो. म्हणजे जी जोडी मित्राकडे आयती होती, तीच कासला पुरेशी होती. (जवळ जायचं म्हणजे फुलांत झोपायचं नाही. कास 2012 पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात आहे, आणि तुमच्या एका फोटोसाठी पुढच्या वर्षीचं बी तुडवायचा हक्क कुणी दिलेला नाही. मळलेल्या वाटेवर बसून जे दिसतं ते टिपा, तिथंही भरपूर असतं.)

माझा हिशोब साधा आहे. हातात असतील त्यातले निम्मे बॉडीला, निम्मे बाकी सगळ्याला. बाकी सगळं म्हणजे लेन्स, चांगलं कार्ड, दुसरी ओरिजिनल बॅटरी, पावसात उघडी न पडणारी बॅग, आणि कास-ठोसेघरला जायचं पेट्रोल. याला शास्त्र वगैरे काही नाही, माझी सवय आहे. पण ही सवय पाळणारा कुणी तोंड पाडून आलेला मला आठवत नाही.

किट लेन्सला नाकं मुरडणं

"किट लेन्स भंगार असते, थेट 50 घेतो." का? तर मागचं ब्लर येतं. नव्या पोरांना फोटो काढायच्या आधी ब्लर पाहिजे असतं. 50 मिलिमीटर एफ 1.8 लेन्स झकासच आहे, स्वस्त आहे, मीही घ्यायला सांगतो, पण दुसरी लेन्स म्हणून. एपीएस-सी बॉडीवर ती 75-80 मिलिमीटरसारखी दिसते. दहा बाय बाराच्या खोलीत बारशाला उभे राहा: पाठ भिंतीला टेकते आणि तरी फ्रेममध्ये पाळणा तेवढाच येतो, आत्याबाई बाहेर. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग घ्यायची म्हटली तरी तीच तऱ्हा.

वर्षभर किट लेन्स वापरा. मग संगणकावर बघा, आपले जास्त फोटो 18 च्या आसपास निघालेत की 55 च्या. प्रत्येक फाइलमध्ये ते लिहिलेलं असतं. पुढची लेन्स कुठली घ्यायची ते तिथंच कळतं. पण एक वर्ष थांबायचं म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा येतो.

झूमचा आकडा बघून भाळणं

60 एक्स, 80 एक्स. चंद्रावरचे खड्डे दिसतात हे खरं. पण एवढा झूम आटोपशीर ठेवायला आतला सेन्सर बारका असतो, साधारण 6.2 बाय 4.6 मिलिमीटर. क्षेत्रफळात एपीएस-सीच्या तेराव्या हिश्शाचा. दिवसा उन्हात ठीक. संध्याकाळी राजवाड्यावर फोटो काढा, रवा सांडल्यासारखे दाणे दिसतील. निवृत्त माणसाला लेन्स बदलायची कटकट नको असेल आणि दिवसाउजेडी पक्षी बघायचे असतील तर खुशाल घ्या. शिकायचं असेल तर नको.

मेगापिक्सेल मोजणं

अल्बमचं 12 बाय 18 इंची पान 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) छापायला साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात. तुम्ही छापणार किती पानं? 24 पुरे झाले. विषय संपला.

जुना कॅमेरा "कंडिशन एक नंबर" ऐकून घेणं

जुना घेण्याच्या मी विरोधात नाही, उलट बजेट कमी असेल तर जुना डीएसएलआर हाच शहाणपणाचा सौदा. पण घेताना डोळे उघडे पाहिजेत. मेढ्याकडच्या एका शाळेतल्या गुरुजींनी लग्नाचं काम करणाऱ्या एकाकडून बॉडी घेतली. "दोनच वर्षं वापरलाय गुरुजी, हात लावून बघा." हात लावला, चकाचक होती. पहिल्याच पावसाळ्यात शटर अडकलं. मग शटर काउंट, म्हणजे आजवरच्या क्लिकचा आकडा, काढला तर दीड लाखाच्या पुढं. सुरुवातीच्या वर्गातल्या डीएसएलआरचं शटर साधारण एक लाख क्लिकच्या हिशोबानं केलेलं असतं. लग्नसराईत एका लग्नाला दोन-तीन हजार क्लिक सहज होतात. दोन वर्षं म्हणजे किती लग्नं, हे गुरुजींनी स्वतः गणित शिकवत असूनही मांडलं नाही! तो माणूस खोटं काही बोलला नव्हता. दोनच वर्षं वापरला होता.

म्हणून वर्षं विचारू नका, काउंट विचारा. निकॉनच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये मूळ फोटोच्या एक्झिफ माहितीत (कॅमेरा फाइलमध्ये आपोआप नोंदतो ती) तो सापडतो. मूळ म्हणजे कार्डातून थेट काढलेला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोत ती माहिती गळून पडलेली असते. कॅननमध्ये बऱ्याचदा वायर लावून सॉफ्टवेअरनं काढावा लागतो. विकणारा "ते कशाला बघताय" म्हणाला की चहा पिऊन निघा.

आणि फंगस, म्हणजे लेन्सच्या काचेवरची बुरशी. आपल्या जिल्ह्याचा एक मोठा गुण आहे: महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि माण-खटावला पाचशेच्या आसपास. त्यामुळे लेन्स कुठून आली त्यावर मी काय तपासायचं ते ठरवतो. पाचगणी, महाबळेश्वर, जावळीकडची असेल तर आधी फंगस. दहिवडी-म्हसवडकडची असेल तर झूमची रिंग कानाजवळ धरून फिरवतो, कचकच वाजली की आत माती आहे.

फंगस बघायची माझी रीत अशी. लेन्स बॉडीवरून काढायची, दोन्हीकडची झाकणं काढायची. खोलीत अंधार करायचा. मागच्या बाजूनं मोबाइलचा टॉर्च तिरका मारायचा आणि पुढून बघायचं, सरळ नाही, तिरकंच. धुळीचे दोन-चार कण दिसतील, त्यानं काही बिघडत नाही. पण काचेच्या कडेनं कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बारीक धागे आत पसरताना दिसले की लेन्स परत त्याच्या हातात. "साफ करून मिळते" हे खरं असतं, पण फंगसनं काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो डाग जात नाही. बॅग उघडल्याबरोबर कुबट वास आला तर टॉर्चचीही गरज नाही.

बॉडीसाठी दोनच गोष्टी. एफ 16 वर (म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून) मोकळ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून बघा, सेन्सरवरचे डाग दिसतात. मग झाकण लावून 30 सेकंदांचा फोटो काढा, लाल-निळे ठिपके किती पेटलेत ते कळतं. दोन-चार असले तर चालतं. नक्षत्रमाला दिसली तर राम राम.

घरी आणल्यावर चामड्याच्या केसमध्ये कोंडू नका, चामडं ओल धरतं. स्वयंपाकघरातला रबराच्या झाकणाचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि बारकं आर्द्रता दाखवणारं घड्याळ. काटा 40 ते 50 टक्क्यांत ठेवायचा. जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरायची. तांदूळ घालू नका, त्याचा भुसा लेन्समध्ये जातो. आणि सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे वापर. पावसाळ्यात चार महिने कपाटात पडून असलेल्या लेन्सवर फंगस येणारच.

माउंट न बघता स्वस्त मिळतंय म्हणून उचलणं

माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसते ती खाच, प्रत्येक कंपनीची वेगळी. बॉडी घेणं म्हणजे एका खानदानात लग्न करणं असतं, पुढच्या सगळ्या लेन्स त्याच घरातल्या. कॅननच्या ईओएस एम मालिकेचा माउंट 2023 मध्ये बंद झाला. बॉडी स्वस्त मिळेल, पण नव्या लेन्स येणार नाहीत. निकॉनच्या 3000 आणि 5000 मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे काकांच्या कपाटातली जुनी "डी" लेन्स बसेल पण फोकस हातानं करावा लागेल. मोटर लेन्समध्येच असलेली, एएफ-एस लिहिलेली घ्या. एफटीझेड अडॅप्टर लावून निकॉनच्या झेड (मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या) बॉडीवर "डी" लेन्स बसवली तरी तेच, त्या अडॅप्टरमध्येही मोटर नाही. कॅनन, निकॉन दोघांनीही 2020 नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. म्हणून नवाकोरा घेणार असाल तर मिररलेस. जुना घेणार असाल तर डीएसएलआर, आणि त्याबद्दल कुणी हसलं तर हसू दे.

व्ह्यूफाइंडर आहे का, हे न बघणं

सोनी झेडव्ही-ई10 ला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही. व्हिडिओवाल्यांसाठी केलेला आहे, त्यांना लागत नाही. पण दुपारी अजिंक्यताऱ्यावर भर उन्हात स्क्रीनवर तुम्हाला स्वतःचंच तोंड दिसेल. कॅनन आर100 ला व्ह्यूफाइंडर आहे, पण स्क्रीन हलत नाही आणि टचही नाही. जमिनीलगतची फुलं काढायची असतील तर पोटावर पडायची तयारी ठेवा. हे बॉक्सवर ठळक लिहिलेलं नसतं. दुकानात हातात घेतल्यावर दोन मिनिटांत कळतं. म्हणून ऑनलाइन घ्यायचा असला तरी आधी एकदा हातात धरा. करंगळी ग्रिपखाली लोंबकळत असेल तर तासाभरात हात भरून येतो.

"ट्रायपॉड, बॅग, फिल्टर, सगळं फ्री"

त्या ट्रायपॉडला वारा लागला की तो कॅमेऱ्यासकट झोपतो. फ्रीऐवजी तेवढे पैसे कमी करून मागा.

स्वस्त कार्ड

बनावट कार्ड 128 जीबी दाखवतं आणि आत असतं त्यापेक्षा किती तरी कमी. भरलं की मागचे फोटो गायब. ओळखीच्या दुकानातून, बिलावर घ्या. पहिल्याच दिवशी काठोकाठ भरून, कॉपी करून बघा, मगच कुणाच्या लग्नात वापरा.

बिल न घेणं

कॅमेऱ्यावर 18 टक्के जीएसटी आहे. "बिल नको असेल तर एवढ्यात देतो" या वाक्यातला एवढा तिथूनच येतो. बऱ्याचदा तो माल परस्पर बाहेरून आणलेला असतो, त्यावर भारतातली कंपनीची वॉरंटी नसते. ओळखीतल्या एकाला अशा कॅमेऱ्याबरोबर दुकानाच्या शिक्क्याचं एक कार्ड मिळालं होतं, "1 वर्ष दुकान वॉरंटी". सहा महिन्यांनी बटण चालेना म्हणून गेला, तर त्या गाळ्यात मोबाइल कव्हरं विकायला होती.

बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा, दोन्हींचे सीरियल नंबर लिहून घ्या, बॉक्सवरच्या आणि कॅमेऱ्याच्या तळाच्या नंबराशी तिथंच ताडून बघा. बिलाचा फोटो काढून घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा, कारण हल्लीच्या बिलांची शाई दोन उन्हाळ्यांत उडते. वॉरंटीची नोंदणी कंपनीच्या साइटवर त्याच आठवड्यात करा. एवढं करायचा कंटाळा येत असेल तर अजून वर्षभर मोबाइलवरच फोटो काढा, कासची फुलं पुढच्या वर्षीही येतात.