अमेरिकेत फेडरल जिल्हा न्यायाधीश व्हायचं असेल तर

राज्यघटनेत वयाची किंवा पदवीची अट नाही, तरी खटले चालवण्याचा भक्कम अनुभव हवाच. बऱ्याच राज्यांत सिनेटर निवड समिती नेमतात. पहिला अर्ज तिथे करा. नामांकन राष्ट्राध्यक्षांचं, मग सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे सुनावणी.

खरी मेहनत या न्यायविषयक समितीच्या प्रश्नावलीत आहे. आजवरचे लेख, भाषणं, सर्वांत महत्त्वाचे 10 खटले, त्यांतल्या विरुद्ध बाजूच्या वकिलांचे फोन नंबरसुद्धा द्यावे लागतात. ही जुळवाजुळव नाव निघण्याआधीच सुरू करा; सुटलेलं एखादं जुनं भाषण सुनावणीत हमखास अंगाशी येतं. स्वतःच्या राज्याच्या सिनेटरने ‘निळी चिठ्ठी’, म्हणजे नामांकनाला संमती देणारा कागद, अडवली, तर नामांकन बहुधा तिथेच अडकतं. शेवटी सिनेटच्या मतदानात साधं बहुमत पुरतं.

नेमणूक तहहयात. 65व्या वर्षी 15 वर्षांची सेवा झाली असेल, तर ज्येष्ठ दर्जा घेऊन कमी खटले चालवता येतात.