यीस्टमधील प्रतिकृतीचा ताण: आधी पेशी मोजाव्यात, मग जनुके वाचावीत

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या ज्या घरांत सिकलसेलचा रुग्ण आहे, तेथे हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल ओळखीच्या असतात. रुग्णाला त्याचा फायदा मुख्यतः गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढल्याने होतो. यीस्टच्या पेशीत मात्र हेच रसायन डीएनएची प्रत काढण्याचे काम अडवते. रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे विकर रोखले गेल्याने डीएनएच्या सुट्या घटकांचा साठा आटतो, प्रतिकृतीचे फाटे (डीएनएचे धागे उलगडून जेथे प्रत काढली जाते ती ठिकाणे) जागीच थबकतात आणि मेक१ व रॅड५३ ही प्रथिने पेशीला पुढे विभागू न देण्याचा इशारा देतात. या अडथळ्याला प्रतिकृतीचा ताण म्हणतात. त्याला पेशी आणि तिची जनुके कसा प्रतिसाद देतात, हे पाहण्याचा प्रयोग तालुक्याच्या महाविद्यालयातही पदव्युत्तर विद्यार्थ्यांना करता येतो. त्यासाठी रसायन प्रयोगशाळेच्या पुरवठादाराकडूनच घ्यावे, रुग्णाच्या औषधाला हात लावू नये. हातमोजे वापरावेत आणि गर्भवती विद्यार्थिनीला या कामापासून दूर ठेवावे.

पहिला निर्णय वाणाचा. दुकानातील बेकरीचे यीस्ट कलिका, म्हणजे नवी पेशी बनणारा फुगवटा, पाहण्यास पुरेसे आहे. पण त्याच्या पेशी सहसा अल्फा फॅक्टरला, म्हणजे ‘ए’ प्रकारच्या पेशींना विभाजनापासून थांबवणाऱ्या यीस्टच्याच संकेत-रेणूला, प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे त्या सर्व एकाच टप्प्यावर आणता येत नाहीत. जनुकांचे वाचन, म्हणजे कोणते जनुक किती चालू आहे याचे मोजमाप, करायचे असल्यास संशोधन संस्थेकडून ‘ए’ प्रकारचा एकगुणी (गुणसूत्रांचा एकच संच असलेला) वाण मिळवावा.

यीस्ट ३० अंश सेल्सिअसला वाढवावे. चांगल्या माध्यमात ते साधारण दीड तासात दुप्पट होते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये, विशेषतः पत्र्याच्या छताखाली, खोलीच ४० अंशांकडे जाते, आणि अशा उष्णतेच्या धक्क्यानेही पेशी प्रत काढण्याआधीच्या जी१ टप्प्यात काही काळ थांबतात व सीएलएन१, सीएलएन२ या नवे चक्र सुरू करणाऱ्या जनुकांचे प्रतिलेखन (त्यांच्यापासून आरएनए बनणे) घटते. उन्हाने झालेला बदल रसायनाच्या नावावर मांडला जाऊ नये, म्हणून इन्क्युबेटरची खात्री नसल्यास हा प्रयोग हिवाळ्यातच करावा. वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, तेव्हा नमुने थंड करण्यासाठी बर्फ आदल्या रात्रीच गोठवून ठेवावा.

अल्फा फॅक्टरने पेशी जी१ टप्प्यात थांबवाव्यात. सुमारे दोन तासांनी बहुतेक पेशी नासपतीसारख्या टोकदार दिसू लागतात. मग त्या धुऊन दोन भाग करावेत. एक भाग साध्या माध्यमात सोडावा आणि दुसरा ०.२ मोलर हायड्रॉक्सीयुरिया असलेल्या माध्यमात, म्हणजे ५० मिलिलिटरला ०.७६ ग्रॅम. दर १५ मिनिटांनी दोन्हींतून दोन नमुने काढावेत: एक सूक्ष्मदर्शकासाठी, दुसरा लगेच बर्फावर थंड करून आरएनएसाठी. प्रत्येक नमुन्यात किमान २०० पेशी मोजून कलिका नाही, लहान आहे की मोठी, याची नोंद ठेवावी. रसायनातील पेशींना शेवटी मोठी कलिका येते, पण केंद्रक एकच राहते. ते पाहण्यासाठी डीएनएला चिकटणारा डॅपी रंग आणि प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक लागतो.

ही मोजणी टाळून थेट जनुकांकडे धावणे ही माझ्या मते या प्रयोगातील सर्वात महागडी चूक आहे. वेचणीच्या दिवसांत शेतात मजूर जास्त दिसले, म्हणून एकेका मजुराची वेचणी वाढली असे ठरत नाही. त्याचप्रमाणे मिश्र टप्प्यांतील पेशींना हे रसायन दिले, तर प्रत काढण्याच्या टप्प्यात पेशींची गर्दी होते आणि त्या टप्प्याची जनुके आपोआप वाढलेली दिसतात. प्रत्येक पेशीतील नियंत्रण बदलले की नाही, हे त्यातून कळत नाही.

आरएनएचे नमुने नागपूर किंवा अमरावतीच्या एखाद्या सुसज्ज प्रयोगशाळेत नेता आले, तर आरएनआर३, सीडीसी२१ आणि सीएलएन२ ही तीन जनुके पुरेत आणि तुलनेसाठी एसीटी१ हे जनुक घ्यावे. आरएनआर३ला दाबून ठेवणारे क्रट१ हे प्रथिन रॅड५३ आणि त्यापुढील डन१ या प्रथिनांमुळे दूर होते, म्हणून ते ठळकपणे वाढते. खरी गंमत सीडीसी२१ आणि सीएलएन२ यांच्या फरकात आहे. साध्या माध्यमात दोन्ही थोड्या वेळासाठी चढतात व उतरतात. ताणाखाली सीएलएन२ उतरते, कारण त्याला चालवणारा एसबीएफ हा प्रथिनांचा गट पुढील टप्प्याच्या सायक्लिनमुळे (पेशीचक्र पुढे नेणाऱ्या प्रथिनांमुळे) बंद होतो. सीडीसी२१ मात्र चढेच राहते, कारण त्याला चालवणाऱ्या एमबीएफ या दुसऱ्या गटाला थांबवणारे एनआरएम१ हे प्रथिन रॅड५३ निष्प्रभ करते. प्रत काढण्यास लागणारी जनुके चालू ठेवायची आणि नवे चक्र सुरू करणारी थांबवायची, अशी ही निवड आहे.

हे रॅड५३मुळेच घडते, असे म्हणण्यासाठी ते नसलेला वाण तपासावा लागतो. केवळ रॅड५३ काढल्यास पेशी जगत नाही, म्हणून ती जगवण्यासाठी त्या वाणात एसएमएल१ हे जनुकही काढलेले असते. त्यामुळे तुलना मूळ वाणाशी न करता फक्त एसएमएल१ काढलेल्या वाणाशी करावी.