लँग्वेज ठरवायच्या आधी एक पट्टी छापून बघा

दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, दादा छोटा प्रोजेक्ट मिळालाय, कुठल्या प्रोग्रामिंग लँग्वेजमध्ये करू, पायथॉन घेऊ का नोड (म्हणजे जावास्क्रिप्ट), का रस्टच शिकून टाकू. मी उलट विचारतो, तू हे काम सोडलंस की कोण बघणार? बहुतेकांकडे उत्तर नसतं, आणि माझ्या मते अर्धी निवड तिथेच होते.

मी स्वतः यात तोंडावर पडलोय. वाशीला एपीएमसीत एका कांदा-बटाट्याच्या गाळ्यासाठी पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला मालाच्या हिशोबाचा जो कागद देतात त्याचं, सॉफ्टवेअर केलं होतं. गोणी किती, वजन किती, भाव काय, त्यातून हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा करून शेतकऱ्याला पट्टी द्यायची, एवढंच काम. पण मला तेव्हा नवीन फ्रेमवर्कची (सॉफ्टवेअरच्या तयार सांगाड्याची) हौस, मग काय, तेच घेतलं. वर्षभरात ऐरोलीला नोकरी लागली आणि इकडे गाळ्यावर शेठचा पुतण्या, ज्याला पीएचपी ही लँग्वेज बऱ्यापैकी येते पण माझ्या कोडकडे बघून नुसता डोकं खाजवायचा. शेवटी अख्खी दिवाळीची सुट्टी घालवून सगळं पीएचपीत परत लिहिलं. पीएचपी १९९५ ची, लोक नाकं मुरडतात, पण स्वस्तातल्या होस्टिंगवर चालते आणि येणारा माणूस ठाण्यात शोधला तर मिळतो. एक्सेल फायली, रिपोर्ट, डेटाची उलथापालथ जास्त असेल तर पायथॉन घ्या, स्क्रीनवरच सगळा खेळ असेल तर जावास्क्रिप्ट. मोठ्या कंपनीत जे आधीपासून चालू आहे तेच घ्या, तिथे हुशारी दाखवू नका.

आता खरी अडचण, जी कुठल्याच ट्युटोरियलमध्ये नसते. मराठी छपाई. लँग्वेज आणि पीडीएफची लायब्ररी (दुसऱ्याने लिहून ठेवलेलं तयार कोड) पक्की करायच्या आधी एक डमी पट्टी छापा आणि त्यात 'किलो', 'शेतकऱ्याचा', 'हिरवी मिरची', 'खर्च' हे शब्द असू द्या. बऱ्याच जुन्या साध्या लायब्ररी अक्षरं एकापुढे एक ठेवत जातात, त्यामुळे 'किलो'तली वेलांटी क च्या उजवीकडे जाते, रफार भलतीकडेच लटकतो आणि जोडाक्षराचे पाय मोडतात. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, मी तीन दिवस फॉन्टच बदलत बसलो होतो! अक्षरं जुळवायचं काम हार्फबझ नावाची ओपन सोर्स लायब्ररी करते, ती आत वापरलेली असेल तर छापील मराठी नीट येते. क्रोम ब्राउझर ज्यावर बनतो त्या क्रोमियममध्ये ती आहे, म्हणून सगळ्यात सोपं म्हणजे एचटीएमएल पान बनवा आणि ब्राउझरकडूनच पीडीएफ काढा. पायथॉनमध्ये एचटीएमएलची पीडीएफ करणारा वीझीप्रिंट आहे, तो पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीमार्फत हार्फबझपर्यंतच पोचतो.

रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अंदाजे दशांश आकड्यात, ठेवू नका, ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही बऱ्याच लँग्वेजमध्ये. रुपयांऐवजी पैशांत मोजून पूर्णांक ठेवा नाहीतर अचूक दशांशाचा डेसिमल प्रकार वापरा.

डेटाबेसचं उगाच मोठं करतात लोक. एकच काउंटर, एकच पीसी असेल तर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस बास, सगळा डेटा एका फाइलमध्ये. फक्त त्यात एका वेळी एकच जण लिहू शकतो, त्यामुळे चार जण एकदम एंट्री मारणार असतील तर पोस्टग्रेस हा सर्व्हरवरचा डेटाबेस घ्या.

मग लायसन्स, जे कोणी वाचत नाही. ओपन सोर्स कोड कुठल्या अटीवर वापरायचं ते त्यात असतं. एमआयटी आणि अपाचे लायसन्सवालं बिनधास्त वापरा, लायसन्सचा मजकूर तेवढा सोबत ठेवा. जीपीएल लायसन्सवालं कोड मिसळून सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलं तर सोर्सपण (मूळ कोड) त्याच अटीवर द्यावा लागतो. एजीपीएलमध्ये त्याच्याही पुढे, तुम्ही बदल करून नुसतं सर्व्हरवर चालवलं तरी वापरणाऱ्यांना सोर्स उपलब्ध करावा लागतो, हे क्लायंटला आधीच सांगा. आणि लायसन्स बदलूही शकतं, मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसचं बदललं तेव्हा लिनक्स फाउंडेशनखाली व्हॅल्की नावाचा फोर्क (जुन्या कोडवरून काढलेली वेगळी शाखा) निघाला. त्यामुळे टूल एका कंपनीच्या हातात आहे का बऱ्याच जणांच्या, हे बघून घ्या.

कोड ठेवायच्या गिटहब साइटवर लोक आवडलं म्हणून देतात ते स्टार मी बघतच नाही. शेवटचा रिलीज कधीचा, बगला कोणी उत्तर देतं का, सांभाळणारे किती जण, एवढं बघतो. २०१६ ला लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजचं कोठार) काढलं तर त्यावर अवलंबून असलेली सॉफ्टवेअर जगभर बनेनाशी झाली, तेव्हा जे स्वतः दहा मिनिटांत लिहिता येतं त्याला पॅकेज कशाला. सपोर्ट कधी संपतो तेही बघा, पायथॉन २ चा १ जानेवारी २०२० ला संपला तरी लोक त्यावरच बसून होते.

सगळं ठरलं की शेवटी एक करा. पुढे जो सांभाळणार आहे त्याला रिकाम्या पीसीसमोर बसवा, तुमचा इन्स्टॉलचा कागद हातात द्या आणि तुम्ही बाजूला गप्प चहा पीत बसा. जिथे अडेल तिथे कागदात भर घाला, परत त्याच जागी अडला तर ते टूलच काढून टाका.