बॅग बघून माणूस ओळखायचाच असेल तर असं बघा

ठाणे-वाशी ट्रान्सहार्बरला लेडीज डब्यात बसायला मिळालं की समोर सगळ्यांच्या मांडीवर बॅगा असतात, आणि आपण मनात सुरू होतो, ही पैसेवाली, ही शायनिंग मारते, हिची तर फर्स्ट कॉपी. मीपण खूप वर्षं हेच केलं. आता मी लोगो बघतच नाही, बॅग कुठे झिजलीये ते बघते.

आधी पट्टा बघा. लुई व्हिटॉनच्या त्या तपकिरी नक्षीच्या बॅगा असतात ना, ते कोटिंग मारलेलं कापड असतं, लेदर फक्त पट्ट्याला आणि कडेला. ते लेदर नवीन असताना बिस्किटाच्या रंगाचं असतं आणि मग हाताचं तेल, ऊन लागून मधासारखं गडद होत जातं, पावसाचा थेंब पडला तर त्याचाही डाग राहतो. म्हणजे पट्टा गडद, डागाळलेला असेल तर बाई ती रोज वापरते, घेतलीये तर वापरणारच असा स्वभाव. खरी की खोटी या भानगडीत मात्र पडू नका, ती नक्षी १८९६ ला आणली तीच नक्कल थांबवायला आणि नकला आजपण चालूच आहेत, आपल्याला गाडीत बसल्या बसल्या काय कळणार.

मग बॅग धरलीये कशी ते बघा. फ्रान्सची फॅशन डिझायनर कोको शनेल, तिला बॅग हातात धरून धरून कंटाळा आला म्हणून तिने १९५५ च्या फेब्रुवारीत साखळीवाली बॅग काढली, त्या महिन्या-वर्षावरूनच नाव २.५५, खांद्याला लावा आणि हात मोकळे. आमच्या डब्यात खांद्यावरून तिरकी घालून पुढे पोटाशी घेतलेली दिसली की ओळखायचं, ही रोजची, हिला ठाण्याला चढायचं कसं ते माहितीये.

सगळ्यात जास्त कळतं ते आतलं बघून, अर्थात ती स्वतः उघडेल तेव्हा, डोकावायचं नाही. आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात एक मॅडम नवीन आल्या, मोठी महागडी बॅग, मी दोन महिने त्यांच्याशी कामापुरतंच बोलले कारण मी ठरवूनच टाकलं होतं की या आपल्यातल्या नाहीत. जुलैत एकदा स्टेशनवर दोघी अडकलो, पाऊस नुसता कोसळत होता, त्यांनी बॅग उघडली तर आत डबा, सासूबाईंच्या गोळ्यांची पट्टी, अस्तरावर भाजीच्या तेलाचा हा एवढा डाग, आणि घडी घालून ठेवलेल्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या. एक मला दिली, म्हणाल्या, अगं मोबाईल घाल त्यात आधी. मला खरंच खूप वाईट वाटलं तेव्हा, दोन महिने उगाच गेले.

आणि एर्मेस या फ्रेंच कंपनीची ती महागडी बर्किन बॅग, जिच्यासाठी लोक वाट बघत बसतात, ती मुळात आईच्या सामानासाठीच झाली. गायिका-अभिनेत्री जेन बर्किन विमानात एर्मेसचे प्रमुख ज्याँ-लुई द्युमा यांच्याशेजारी बसली होती, मुलांचं सगळं मावेल अशी बॅग मिळत नाही म्हणाली, आणि १९८४ ला बॅग आली. तिची स्वतःची ती पहिली बॅग एकदम घासलेली, स्टिकरचे डाग, नेलकटर लटकवलेलं, आणि तीच २०२५ च्या जुलैत पॅरिसला लिलावात ८६ लाख युरोला गेली! त्या ओरखड्यांसकट.

शेवटी वास. कुबट वास आला, शिवणीत पांढरी बुरशी दिसली तर ती बॅग फक्त लग्नाकार्याला बाहेर निघते. अशी तुमच्याकडे असेल तर ठाण्याच्या पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये अजिबात ठेवू नका, आत कागद कोंबा, जुन्या सुती ओढणीत गुंडाळा आणि पंधरा दिवसांनी एकदा काढून पंख्याखाली ठेवा. पट्ट्याची शिवण उसवली असेल तर स्टेशनजवळचा मोची मेणाच्या दोऱ्याने घालून देतो, माझी गेल्या वर्षी घातलेली शिवण अजून धरून आहे.