संधिवातात नॉर्डिक वॉकिंग करताय? मग या चुका टाळा

दोन्ही हातांत काठ्या घेऊन पहिल्यांदा बडोद्याच्या कमाटीबागेत शिरले, तेव्हा काळ्या घोड्याच्या पुतळ्याकडच्या दारापाशी रोज दिसणारे एक गुजराती काका थबकलेच. "केम बेन, पग भांग्यो के शुं?" पाय मोडला नव्हता. माझा डावा गुडघा संधिवाताने धरला होता आणि माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस). तिची लेक फिजिओथेरपिस्ट. तिनेच आम्हा दोघींच्या हातांत नॉर्डिक वॉकिंगच्या, म्हणजे काठ्यांनी जमीन मागे रेटत चालण्याच्या, या काठ्या दिल्या. आता दोन वर्षं झाली. आमचं पाहून बागेतल्या बऱ्याच जणांनी काठ्या आणल्या, पण "खांदा दुखतो", "गुडघा उलट वाढला" म्हणत कितीतरी जणांनी त्या माळ्यावर टाकल्या. मला त्याचं वाईट वाटतं, कारण व्यायाम चांगला आहे. चुकते ती काठी धरण्याची रीत.

काठी टेकायची नसते

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या बऱ्याच चुका हिच्याच पोटातून येतात. आपल्याकडे काठी म्हणजे आजोबांचा आधार. त्यामुळे हातात आली की आपण ती पुढे टेकतो आणि तिच्यावर भार देतो. नॉर्डिक वॉकिंगचा उगम मात्र फिनलंडमधला. बर्फावर स्कीइंग करणारे खेळाडू उन्हाळ्यात बर्फ नसताना काठ्या घेऊन सराव करायचे. १९९७ च्या सुमारास त्याला हे नाव मिळालं आणि मग सामान्य माणसं तसं चालू लागली. त्यांची काठी जमिनीला मागे रेटते आणि शरीर पुढे जातं.

म्हणून टोक पावलापुढे पडता कामा नये. ते पुढच्या पावलाच्या टाचेच्या रेषेत किंवा तिच्याही मागे, तिरकं पडतं. हात मागे जाताना काठी रेटायची आणि तळवा कमरेच्या मागे गेला की मूठ उघडायची. काठी तिरकी न पडता सरळ उभी राहत असेल तर समजा, तुम्ही टेकताय.

हे कळलं तरी अंगात येत नाही. भाचीने मला पहिले चार दिवस काही करूच दिलं नाही. "मावशी, हात सोडून दे आणि काठ्या फरफटत ने," एवढंच. म्युझियमच्या बाजूच्या रस्त्यावर मी काठ्या घासत चालत होते, लोक बघत होते. पण फरफटत चालताना उजव्या पायाबरोबर डावा हात आपोआप पुढे येतो. हाताने काठी मुद्दाम उचलायला गेलं की ताल तुटतो आणि एकाच बाजूचा हातपाय एकदम पुढे जाऊ लागतो. तसं झालं तर मोजत बसू नका. थांबा, हात सैल सोडा, दहा पावलं काठ्या फरफटत न्या. ताल परत येतो.

मूठ आवळणं

ज्यांची बोटं दुखतात त्यांनी हे नीट वाचा. ताईच्या बोटांच्या सांध्यांना सूज येते, सकाळी चहाचा कप धरणंही जड जातं. पहिल्या आठवड्यात चालून आली की तिची बोटं पांढरी पडायची. भाचीने तिचा हात हातात घेऊन पाहिलं, तर काठीच्या मुठीला जोडलेला हातमोज्यासारखा पट्टा सैल होता आणि डाव्याचा उजव्या हातात. पट्टा सैल असला की काठी निसटेल या भीतीने माणूस मूठ गच्च आवळतो.

या काठ्यांचं सगळं मर्म त्या पट्ट्यात आहे. रेटा तळहाताच्या मनगटाजवळच्या कडेने पट्ट्यावर द्यायचा असतो, मुठीने नाही. तपासणी सोपी: हात मागे गेल्यावर पाचही बोटं उघडा. काठी पडली नाही, पट्ट्याला धरून राहिली, तर पट्टा बरोबर आहे. बोटांना मुंग्या येत असतील तर तो जास्त आवळलाय. डावा-उजवा बहुतेक पट्ट्यांवर लिहिलेला असतो.

अंगठ्याचंही लक्षात ठेवा. पडताना काठी हातात राहिली तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला अस्थिबंध ताणला जातो; या व्यायामातली ती नेहमीची दुखापत आहे. म्हणून पट्टा एका बटणाने झटकन सुटणारा घ्यावा आणि तो सोडायचा सराव घरी, सोफ्यावर बसून करावा.

चुकीची काठी

मला दुकानात आधी ट्रेकिंगची काठी दिली गेली. "एकच आहे बेन," असं विकणारा म्हणाला. एक नाही. ट्रेकिंगच्या काठीचा पट्टा नुसता फास असतो आणि ती डोंगरात पुढे टेकायलाच बनवलेली असते. मूठ उघडून मागे रेटणं तिच्यात जमत नाही.

उंचीचा हिशेब असा: तुमची उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ०.६८. माझी उंची १५५, म्हणजे १०५ च्या आसपास. चालायचे बूट घालून काठी उभी धरा. कोपर काटकोनात हवं. खांदा दुखत असेल तर ५ सेंटिमीटर कमी घ्या. काठी लांब असली की खांदे कानाशी येतात, मान दुखते, आणि लोक म्हणतात व्यायामानेच मान धरली.

डांबरी रस्त्यावर टोकाला रबरी बूट लावतात. त्याचा चवडा मागच्या दिशेने हवा. पुढे केला तर काठी अडखळते. मातीवर किंवा गवतावर हा रबरी बूट काढून धातूचं टोक वापरायचं. पेव्हर ब्लॉकवर मात्र बूट ठेवाच, नाहीतर टोक फटीत अडकतं आणि खांद्याला हिसका बसतो. पावसाळ्यात ओल्या गुळगुळीत फरशीवर रबर घसरतं. त्या दिवसांत आम्ही घरातच व्यायाम करतो, काठ्या बाहेर काढत नाही.

"काठ्यांनी गुडघ्यावरचा भार कमी होतो ना?"

असं खूप ठिकाणी छापलेलं असतं, कधी कधी ३० टक्के म्हणून आकडाही देतात. पण चालताना गुडघ्यावर येणारा भार प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजला गेला, तेव्हा काही अभ्यासांत काठ्यांमुळे फरक दिसलाच नाही. म्हणून काठ्या आहेत म्हणून दुप्पट चालणं किंवा लांब ढांगा टाकणं चूक. लांब ढांगेने सांध्याला धक्काच बसतो. सुरुवातीला पावलं लहान ठेवा.

मग फायदा कशात? हात, खांदे, पाठ, पोट असे सगळे स्नायू कामाला लागतात. त्याच वेगाच्या साध्या चालण्यापेक्षा साधारण २० टक्के जास्त ऊर्जा खर्च होते, आणि तोल जाईल ही भीती कमी झाल्याने माणूस ताठ चालतो. खुब्याचा संधिवात असलेल्या साठीपुढच्या लोकांवरचा डेन्मार्कमधला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. चार महिने एका गटाने नॉर्डिक वॉकिंग केलं, दुसऱ्याने वजनं उचलण्याचा व्यायाम, तिसऱ्याने घरी व्यायाम. रोजच्या हालचालींत नॉर्डिक वॉकिंगचा गट पुढे राहिला. चार महिने, हे लक्षात घ्या. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून सोडणारे घाई करतात.

पहिल्याच दिवशी बागेची पूर्ण फेरी

सुरुवात १० ते १५ मिनिटांनी, एक दिवस आड. दर आठवड्याला थोडी मिनिटं वाढवा. चालून आल्यावर दोन तासांनी आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर ते जास्त झालं. पुढच्या खेपेला कमी करा. थोडं दुखणं चालतं. सांधा गरम, लाल, सुजलेला असेल तर त्या दिवशी चालू नका, आणि हे नवीन असेल तर डॉक्टरांना दाखवा.

इथे बडोद्याच्या उन्हाळ्याची अडचण येते. आमवातात सकाळी सांधे तासभर, कधी त्याहून जास्त आखडलेले असतात, आणि मे महिन्यात आठ वाजता ऊन डोक्यावर असतं. ताई आखडलेल्या अंगानेच साडेपाचला निघायची आणि दिवसभर कण्हायची. आता ती गरम पाण्याने हात-पाय शेकते, घरात दहा मिनिटं हळूहळू वावरते. उन्हाळ्यात तर आम्ही संध्याकाळी साडेसातनंतरच जातो. तेव्हा गर्दी असते, लहान मुलं पायात येतात, म्हणून काठ्या अंगाजवळ ठेवाव्या लागतात. कुत्रं भुंकलं तर काठी उगारू नका. ते अंगावर येईल आणि तोल तुमचा जाईल.

ज्यांना खरंच आधार लागतो

चालताना गुडघा अचानक मुडपत असेल, चक्कर येत असेल, तर नॉर्डिक काठ्या घेऊ नका. तुम्हाला साधी आधाराची काठी किंवा वॉकर लागेल, आणि तो घेण्यात कसलीच लाज नाही. साधी काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट हातात धरायची. कित्येक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात.

महिन्यातून एकदा रबरी बूट उलटे करून पाहा. माझा उजवा बूट डाव्यापेक्षा लवकर झिजला होता. म्हणजे दुखरा डावा गुडघा वाचवायला मी उजव्या हाताने जास्त रेटत होते, कधी कधी टेकतही होते. ते पाहून भाचीने परत दोन दिवस काठ्या फरफटायला लावल्या.