जुन्या गाडीत ब्रेकचा किंवा एबीएसचा दिवा लागला? या चुका टाळा

ब्रेकचा लाल आणि एबीएसचा (जोराच्या ब्रेकमध्ये चाकं लॉक होऊन घसरू नयेत म्हणून असलेली यंत्रणा) पिवळा दिवा एकच समजणं, ही पहिली चूक. एबीएसचा पिवळा दिवा एकटाच लागला असेल तर साधे ब्रेक नेहमीसारखे लागतात, फक्त जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. लाल दिवा लागला की मात्र गाडी बाजूला घ्यायची. हँडब्रेक पूर्ण खाली आहे का ते बघायचं (जुन्या गाड्यांत त्याचा स्विच अडकतो), मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइल. पेडल मऊ लागत असेल किंवा खोल जात असेल तर गाडी टो करूनच न्यायची. दोन्ही दिवे एकदम लागले तर ईबीडीही (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा) बंद पडलेलं असू शकतं. अशा वेळी जोराच्या ब्रेकमध्ये मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते.

ऑइल कमी दिसलं की वरून ओतून मोकळं व्हायचं, हीसुद्धा चूकच. पॅड झिजले की कॅलिपरचे (पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर येतात आणि टाकीतली पातळी आपोआप उतरते. म्हणजे दिवा पॅड बघायला सांगत असतो. टाकी भरून ठेवलीत तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले जातात आणि ऑइल बाहेर सांडतं. ते रंगावर पडलं तर रंग सोलून काढतं. पॅड जाड असूनही पातळी उतरली असेल तर गळती शोधा. झाकणावर डॉट 3 किंवा डॉट 4 (ब्रेक ऑइलचे प्रकार) लिहिलं असेल तर तेच घाला. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही.

आता सेन्सर, म्हणजे चाकाचा वेग मोजून एबीएसला कळवणारा भाग. माझ्या जुन्या गाडीत थांबता थांबता, अगदी चालण्याच्या वेगाला, पेडल पायाखाली कुरकुरायचं. कोरडा रस्ता, हलका ब्रेक, तरी एबीएस जागं व्हायचं. मी घाईने पुढचा सेन्सर बदलला. काही फरक नाही. दुसऱ्या बाजूचा सेन्सर काढला तेव्हा त्याच्या बैठकीखाली गंजाचा पापुद्रा निघाला. त्याने सेन्सर चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी रिंगपासून वर उचलला होता आणि कमी वेगात सिग्नल तुटत होता. वायर ब्रशने घासलं, काम झालं. पैसे गेले ते गेलेच.

म्हणून सुटा भाग विकत घेण्याआधी चाकाजवळची वायर, कनेक्टर आणि रिंग बघा. रिंगला बारीक तडा असला तरी दिवा लागतो. जुन्या दोन वायरींच्या साध्या सेन्सरचा रेझिस्टन्स बहुतेकदा 800 ते 2000 ओहम येतो. डाव्या-उजव्याची तुलना करा. नव्या पद्धतीच्या ॲक्टिव्ह सेन्सरला मात्र ओहमवर मीटर लावू नका.

बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्वस्त स्कॅनरने ‘कोड नाही’ म्हटलं म्हणून निश्चिंत होऊ नका. तो बहुधा इंजिनाचेच ‘पी’ कोड वाचतो, एबीएसचे ‘सी’ कोड वाचणारा स्कॅनर वेगळा लागतो. बॅटरी कमजोर असली तरी एबीएसचा दिवा लागतो, हे मेकॅनिकही विसरतात.

आणि जुनी गाडी घेताना किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझायला हवा. लागतच नसेल तर आधीच्या मालकाने बल्ब काढून टाकलाय का, ते विचारा.